बोटभर सैल

टाचणी हे नाव मास्तरणीने ठेवलं आणि ते रागाने ठेवलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ती त्या नर्सचं इतकं कौतुक करत फिरली की ऐकणाऱ्याला वाटावं, दोघींचं पहिल्या दिवसापासून सूत जुळलं होतं. कसलं सूत आणि कसलं काय. पहिले चार दिवस मास्तरणीला ती बाई डोळ्यांसमोर नको होती.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. नवरा कपडे बेतायचा, कातरीला पक्का, म्हणून गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत, आणि ती आपोआप मास्तरीण झाली. तो बेतणार, ही शिवणार. अरुंद दुकान, दोन मशिनं, मध्ये एक लांब टेबल, आणि अशी छत्तीस वर्षं. भांडणं किती झाली ते विचारू नका. कातर कुठे ठेवली यावरून दोन दिवस अबोला धरणारी माणसं ती. पण एका गोष्टीत दोघांचं कधी दुमत झालं नाही. कापड अंगाला काचता कामा नये. कॉलर असो, मनगट असो, कंबर असो, बटण लावल्यावर आत एक बोट गेलंच पाहिजे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून कितीही म्हणालं, अजून घट्ट करा, तरी मास्तरीण हो हो म्हणायची आणि बोटभर सैल ठेवायचीच. घरीदारी, पिशवीचं तोंड बांधतानासुद्धा तिचा हात तसाच चालायचा.

मास्तरांना आधी खोकला झाला, मग धाप लागायला लागली. दोघांनीही ते अंगावर काढलं, कारण हातात शिवण होती. एका सकाळी कातर हातात असतानाच मास्तर टेबलावर ओणवे झाले ते उठेनात. दोन तासांनी ते इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूत, चार नंबरच्या पलंगावर होते. तोंडात नळी, नळीला मशीन, आणि ते मशीन मास्तरांच्या वाटचा श्वास घेत होतं. भेटायला सकाळी एक तास आणि दुपारी चार ते पाच.

आणि मास्तरांचे हात. औषधाच्या गुंगीतही ते काही स्वस्थ बसत नव्हते. घटकेत चादर चाचपायचे, घटकेत वर जायचे, ते थेट तोंडातल्या नळीकडे. डॉक्टरांनी एक कागद पुढे केला आणि सांगितलं, नळी ओढली तर जीव जाईल, हात बांधावे लागतील. मास्तरणीने सही केली. पट्ट्या कुणी बांधल्या, तर टाचणीने. बारीक, ताठ, डोक्यावर निळी गोल टोपी, तोंडावर मास्क, आणि बोलली की टोचणार. पलंगावर टेकायचं नाही. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडायचं, आत पेशंटला ऐकू येतं. हे सगळं ती वर न बघता सांगायची. त्या दिवशी घरी जाऊन मास्तरणीने शेजारणीला सांगितलं, एक टाचणी आहे तिथे, तिला माणसाचं काळीजच नाही.

पण मास्तरणीचे डोळे कारागिराचे. राग धरला तरी तिला हात कसा चालतो ते दिसायचंच. दुसऱ्या दिवशी तिला दिसलं, की मास्तरांना हात लावण्याआधी टाचणी आपले हात गरम पाण्याखाली धरते. तिसऱ्या दिवशी दिसलं, की ती आधी खांद्यावर तळवा टेकवते, घटकाभर थांबते आणि मग सांगते: मास्तर, आता कूस बदलते, मास्तर, आता डोळे पुसते. शुद्ध नसलेल्या माणसाला इतकं सांगायचं कशाला, असं मास्तरणीने तिरकसपणे विचारलंसुद्धा. टाचणी म्हणाली, घरी थोरली बहीण आहे, ऐकू येत नाही, हात लावल्याशिवाय तिला काही कळवता येत नाही, तीच सवय झाली. तेवढंच बोलली आणि सलाईनकडे वळली. चौथ्या दिवशी मास्तरांची दाढी केलेली होती. नळी धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीच्या कडेकडेने, कुठेही न कापता. मास्तर एक दिवस दाढीशिवाय राहत नसत, हे तिला कुणी सांगितलं? कुणी नाही. तिने त्यांच्या गालावरची कातडी पाहून ओळखलं.

मास्तरीण विरघळायला लागली होती, खोटं कशाला बोला. आणि नेमकी तेव्हाच ती गोष्ट घडली.

पाचव्या दिवशी दुपारी ती आत गेली तेव्हा मास्तरांच्या उजव्या मनगटावर लाल वळ होता. मास्तर रात्रभर हात ओढत राहिले होते, म्हणून पट्टी रुतली होती. कातर धरणारा हात तो. टाचणी दोन नंबरच्या पेशंटकडे होती, पाठमोरी. मास्तरणीला सुचलं ते तिने केलं. तिने गाठ सोडली, पट्टीखाली आपला रुमाल घडी करून घातला, आणि पुन्हा गाठ मारली. स्वतःची गाठ, पट्टीचा पदर दोन वेळा आत घेतलेली, दुकानात गठ्ठ्यांना मारायची तशी. मारून झाल्यावर बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं. तिला बरं वाटलं. पाच वाजता ती बाहेर आली आणि जिन्याजवळच्या बाकावर चहाचा पेला घेऊन बसली.

सव्वापाचला आत पळापळ झाली. दारं उघडमीट व्हायला लागली, एक डॉक्टर जिना चढून धावत आला. मास्तरीण दाराच्या काचेला जाऊन भिडली. मास्तरांचा उजवा हात पलंगाच्या कडेने खाली लोंबत होता, मोकळा. नळी चादरीवर पडली होती. तिला सगळं कळलं. पेला हातातून कधी पडला ते मात्र कळलं नाही.

नळी पुन्हा घातली. मास्तर वाचले, म्हणजे तेव्हापुरते. मोठ्या डॉक्टरांनी दारातच आवाज चढवून विचारलं, शेवटची गाठ कुणाची? टाचणीने पलंगाच्या कठड्याला लोंबणारी पट्टी हातात घेतली. पट्टीत अडकलेला रुमाल तिने मुठीत दाबला. मग तिने काचेकडे पाहिलं.

"माझी," टाचणी म्हणाली. "सैल राहिली."

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरणीला हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं आणि तो रुमाल, धुऊन इस्त्री केलेला, तिच्या हातात ठेवला. आवाज खाली, पण टोचणारा.

"मावशी, पुन्हा कशाला हात लावायचा नाही. बघवलं नाही तर मला हाक मारायची. खरं सांगितलं असतं तर तुम्हाला आजपासून काचेबाहेर उभं केलं असतं, असा नियम आहे. तुम्ही बोलायला लागलात की मास्तरांची नाडी खाली येते. मी चार दिवस लिहून ठेवलंय. त्यांना तुम्ही आत लागता."

मास्तरणीने मान खाली घातली. आपण हिला काळीज नाही म्हणालो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून टाचणीने एक केलं. मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून परवानगी काढली, की ती स्वतः पलंगाशी असेल तेवढा वेळ पट्ट्या सोडायच्या. मग तिने मास्तरणीला विचारलं, त्यांच्या हाताला रोज काय लागायचं? मास्तरणीने कोटाच्या जाड कापडाचा वीतभर तुकडा आणला. मास्तरांच्या बोटांना ते कापड मिळालं मात्र, बोटं नळीचा नाद सोडून कड दुमडायला लागली. दुमडायची, चिमटीने दाबायची, पुढे सरकायची. डोळे मिटलेले, मशीन चालू, आणि हात कामाला लागलेले. टाचणी एका हाताने कागदावर आकडे लिहायची आणि दुसरा हात मास्तरांच्या हातापासून वीतभर अंतरावर ठेवायची. जेवणसुद्धा ती कोपऱ्यात उभ्यानेच उरकायची, तोंड चार नंबरकडे करून. डावा गुडघा दुखायचा तिचा, बावीस वर्षं उभं राहून राहून. खुर्ची समोर रिकामी असायची, पण बसलं की उठायला वेळ लागतो म्हणायची.

नऊ दिवस असे गेले. मग मास्तरांच्या किडन्या बसल्या. ते नळी ओढल्यामुळे झालं का, असं मास्तरणीने मोठ्या डॉक्टरांना एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं, तसं म्हणता येत नाही. जरा थांबून म्हणाले, तसं नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते वाक्य मास्तरणीने आजवर कुणाला ऐकवलेलं नाही.

लेक परगावी एका कचेरीत कारकून होती. ती शेवटच्या दोन दिवसांत आली. शेवटच्या सकाळी टाचणीने भेटीची वेळ नसताना दोघींना आत घेतलं आणि मागे पडदा ओढला. मास्तरांचे केस विंचरलेले होते. दोन्ही पट्ट्या सोडून, गुंडाळून, बाजूला ठेवलेल्या होत्या. मास्तरणीला एकाच गोष्टीची भीती होती, की हा माणूस बांधलेल्या हातांनी जाईल. तसा तो गेला नाही. एक हात तिच्या हातात होता, दुसऱ्या हातात कापड होतं, आणि शेवटी शेवटी बोटं नुसती कडेवर टेकून राहिली. टाचणीने मशीन बंद केलं, मास्तरांच्या खांद्यावर तळवा ठेवला, आणि सवयीने सांगितलं, मास्तर, आता नळी काढते.

इथे गोष्ट संपली असती तर मास्तरीण एक आभाराचं पत्र लिहून मोकळी झाली असती. लिहायला ती बसलीही होती. पण आठवड्याने इस्पितळाचे कागद आले, ते लेकीने वाचले. कागद वाचायचं तिचं रोजचंच काम, तिच्या नजरेतून काय सुटणार? त्यात एक ओळ होती: बांधणी सैल राहिल्याने रुग्णाने नळी ओढून काढली. खाली टाचणीची सही.

लेकीच्या रागाला पारावार राहिला नाही. म्हणून इतकी गोड वागत होती ती, लेक म्हणाली, मन खात होतं तिचं. मास्तरीण समोर बसून बटणांची काजं करत होती. कुणाचं मन खात होतं ते तिला माहीत होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुढच्या तीन आठवड्यांत तिने किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, याचा हिशेब नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या बापाचा हात मी सोडला? एकुलती एक लेक, बापावर जीव टाकणारी. ती पुन्हा या घराची पायरी चढली असती का? लेकीने तक्रार लिहिली, ठसठशीत अक्षरात, आणि टाचणीला आयसीयूतून काढून खाली ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं गेलं. चौकशीसाठी गुरुवारी अकराला या, असं पत्रही आलं.

बुधवारी मास्तरीण कुणाला न सांगता इस्पितळात गेली. पाय आपोआप तिसऱ्या मजल्याकडे वळले. काचेतून चार नंबरचा पलंग दिसत होता. त्यावर एक म्हातारी होती, हात बांधलेले, डोळे टक्क उघडे, काहीतरी बोलायचा प्रयत्न चाललेला. दोन नवख्या पोरी तिच्या पायाशी उभ्या राहून मशीनचे आकडे बघत होत्या. म्हातारीकडे कुणी बघत नव्हतं.

ड्रेसिंगच्या खोलीत टाचणी एका माणसाच्या पोटरीवरची जुनी पट्टी ओली करून सोडवत होती. इथे तिच्या तोंडावर मास्क नव्हता. मास्तरणीने तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला: बसकं नाक, पातळ ओठ, वयाने वाटली होती त्याहून मोठी. माणूस गेल्यावर मास्तरीण म्हणाली, मी उद्या सांगणार आहे. टाचणीने हातातला चिमटा खाली ठेवला.

"गप्प बसा, मावशी. माझी नोकरी जात नाही. फार तर वर्षभर इथे पट्ट्या बदलीन. तुमची लेक एकच आहे." मग हात धुता धुता, पाठमोरीच, तिने विचारलं, "वर चार नंबरला आता कोण आहे?"

मास्तरणीने सांगितलं. म्हातारी, बांधलेले हात, काहीतरी बोलू पाहणारी. टाचणीने नळ बंद केला आणि हात पुसायचेच विसरली, तशीच उभी राहिली, पाणी कोपरावरून ठिबकत. मास्तरणीने ते पाहिलं आणि घरी आली.

गुरुवारी मेट्रनच्या, म्हणजे मुख्य नर्सच्या खोलीत चौघीजणी होत्या. टेबलापलीकडे मेट्रन, नाकावर चष्मा, पुढ्यात तक्रार. भिंतीशी टाचणी, शेजारी रिकामी खुर्ची असून इथेही उभीच. अलीकडे मायलेकी. लेकीच्या बाहीचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. एरवी मास्तरणीने लेकीचा हात धरून ते तिथल्या तिथे लावलं असतं. मास्तरणीच्या कॉलरखाली दोरा गुंडाळलेली सुई कायम खोचलेली असते. आज तिला हात पुढे करायचा धीर होईना. मेट्रनने लेकीची तक्रार वाचून दाखवली, टाचणीला विचारलं. टाचणी म्हणाली, लिहिलंय ते बरोबर आहे. मग मेट्रनने सवयीने विचारलं, आईंना काही सांगायचंय का?

मास्तरणीने एक पट्टी मागितली. मेट्रनला वाटलं, बाईला कुठे लागलंय. तिने खणातून काढून दिली. मास्तरीण उठली, ती पट्टी तिने आपल्या खुर्चीच्या हाताला गुंडाळली, पदर दोनदा आत घेतला आणि गाठ मारली. गाठ चुकली नाही. छत्तीस वर्षांची गाठ ती, चुकणार कशी. मग तिने त्यात बोट घातलं. बोट आत गेलं.

"त्या दिवशी पलंगावर ही गाठ होती," ती म्हणाली. "हिने बांधलेली मी सोडली. वळ उठला होता, मला बघवलं नाही. बोटभर सैल ठेवली, त्यातून त्यांनी हात काढला. हिने आळ अंगावर घेतला, का, तर मला आत बसता यावं म्हणून. नऊ दिवस मी त्यांच्याजवळ बसले ते हिच्यामुळे. ते हात मोकळे ठेवून गेले ते हिच्यामुळे. मला हिचे आभार मानायचे होते. पण तोंडात खोटं ठेवून आभार कसे मानायचे, सांगा."

मेट्रन टेबलाला वळसा घालून आली, वाकून गाठ पाहिली आणि म्हणाली, आमच्याकडे अशी गाठ कुणी मारत नाही. लेकीला मात्र वाकावं लागलं नाही. तिच्या लहानपणीच्या फ्रॉकचे पट्टे, दप्तराचे बंद, डब्याची पिशवी, सगळं याच गाठीने बांधलेलं असायचं. ती पांढरीफटक पडली होती. "आई, तू," एवढंच ती म्हणाली.

मेट्रन खुर्चीत बसली आणि टाचणीवर घसरली. खोटी नोंद केलीस, तेही मला लिहावं लागेल, कळतंय ना? टाचणी म्हणाली, लिहा. मेट्रनने लिहिलं, लिहिता लिहिताच म्हणाली, सोमवारपासून वर जा, तिथे हाताखालच्या पोरी रडकुंडीला आल्यात. मग तिने लेकीपुढे कोरा कागद सरकवला. तक्रार मागे घ्यायची तर लेखी हवी. लेक बराच वेळ लिहीत होती. एक बाजू संपली, तिने कागद उलटला. काय लिहिलं ते मास्तरणीला दिसलं नाही, विचारायची तिची छातीही झाली नाही. मेट्रनने ते वाचलं आणि टाचणीच्या हातात दिलं. टाचणीने वाचलं. ती खाली बसली. रिकाम्या खुर्चीत, सगळ्यांसमोर, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ती बसली, आणि मास्तरणीने बावीस वर्षांचा तो थकवा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बाहेर पडताना टाचणीने मास्तरणीच्या खांद्यावर तळवा टेकवला आणि घटकाभर थांबली. या वेळी पुढे काही सांगितलं नाही.

लेक जिना उतरून पुढे गेली होती, भराभर, मागे वळून न बघता. मास्तरीण कठडा धरून एकेक पायरी उतरली. तिला वाटलं, संपलं. खालच्या दारापर्यंत पोचली तर लेक तिथे उभी होती, तोंड रस्त्याकडे करून.

"बाबांना दुखत होतं का गं, ती पट्टी?" लेकीने विचारलं.

"हो," मास्तरीण म्हणाली. "लाल झालं होतं."

लेकीने मान हलवली. आत येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मग लेकीने लोंबत्या बटणाचा हात आईपुढे धरला. मास्तरणीने कॉलरखालची सुई काढली. दोरा ओवायला तिला तीन खेपा लागल्या. लेक हात तसाच धरून उभी राहिली.